मैदान उरलं, संघ गेला

मुंबईचं कूपरेज मैदान अजून जागच्या जागी आहे. ओव्हलच्या दक्षिणेला, इंग्रजांच्या काळी जहाजांसाठी पिंपं बनवणाऱ्या कारागिरांवरून ज्याला नाव पडलं तेच हे मैदान. मातीतल्या गवताच्या जागी आता कृत्रिम हिरवळ आहे आणि तिच्यावर स्थानिक सामने होतात. पण ज्यांच्यासाठी एकेकाळी लोक ऑफिस सुटल्यावर थेट तिकडे वळत, ते कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र युनायटेड हे संघ आज तिथं दिसणार नाहीत. युरोपातल्या फुटबॉलप्रेमींचं रडगाणं बहुधा याच्या उलट असतं. संघ शाबूत, मैदान गेलं. आर्सेनलनं २००६ साली हायबरी सोडलं आणि तिथं सदनिका झाल्या. वेस्ट हॅमनं २०१६ साली अप्टन पार्कचा निरोप घेतला. जुन्या मैदानाची हळहळ आणि जुन्या खेळाडूंची याद या दोन्हींना आपण स्मरणरंजन म्हणून एकाच पोत्यात भरतो आणि म्हाताऱ्यांचा छंद म्हणून सोडून देतो. मला ते घाईचं वाटतं. आठवणीचं पुढं काय होतं, ती नुसती हुरहुर राहते की काही घडवून आणते, हे आठवणीच्या उत्कटतेवर ठरत नाही. संघ मुळात कुणाच्या मालकीचा होता, यावर ते ठरतं.

आधी मुंबईचं पाहू, कारण आठवणींची श्रीमंती तिथं कमी नाही. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. ड्युरँडनंतर सुरू झालेली ही देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. पहिली पंचेचाळीसेक वर्षं तो गोऱ्या पलटणींच्या हाती फिरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सनं तो जिंकला आणि देशी संघांची रांग सुरू झाली. सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघानं १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा तो उचलला. कलकत्त्याचे बडे संघ दरवर्षी यायचे. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाणारा लोहमार्ग आपल्या गोंदियातूनच जातो, एवढाच काय तो या वैभवाशी आपला संबंध. मुंबईकरांसाठी मात्र ती घरची गोष्ट होती. धोबी तलावच्या गोवेकरांच्या कूडांतून (सामायिक निवासांतून), मदनपुरा-नागपाड्यातून माणसं येऊन कूपरेजच्या बाकांवर बसत. १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्सनं रोव्हर्स जिंकला. कॅल्टेक्सकडून खेळलेल्या नेव्हिल डिसोझानं त्याच्या दोन वर्षं आधी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले होते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आजतागायत ऑलिंपिक फुटबॉलमधली आपली ती सर्वोत्तम कामगिरी आहे.

या संघांची नावं पुन्हा वाचली की एक गोष्ट ठळक दिसते. तेल कंपनी, कापड गिरणी, मोटार कारखाना; बाकीचे संघ पाहिले तर विमान कंपनी, रेल्वे. मुंबईचा फुटबॉल हा कंपन्यांच्या क्रीडा विभागांचा फुटबॉल होता. यात काही वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. उलट खेळाडूच्या दृष्टीनं त्याइतकी चांगली व्यवस्था नंतर आलीच नाही. गोल मारता येतो म्हणून पोराला कायमची नोकरी लागायची आणि पाय थकल्यावरही पगार चालू राहायचा. नोकरी असल्यामुळं खेळाडू वर्षानुवर्षं एकाच संघात टिकायचा, आणि म्हणूनच प्रेक्षक त्याला ओळखू लागायचा. कोण डाव्या पायानं मारतो, कोण पावसाळी मैदानात घसरतो, कुणाचा बचाव शेवटच्या दहा मिनिटांत ढिला पडतो, हे सगळं पाठ व्हायला वर्षं लागतात. जुन्या खेळाडूंबद्दलच्या ओढीत कौशल्याचं कौतुक असतंच, पण निम्म्याहून जास्त वाटा या मुक्कामाचा असतो. आजचा खेळाडू बहुधा जास्त वेगवान आणि जास्त तंदुरुस्त आहे. तो दोन हंगामांत दुसऱ्या शहरात जातो, एवढाच त्याचा दोष, आणि तोही त्याचा नाही.

पण त्याच व्यवस्थेचं दुसरं टोक महिंद्रच्या वेळी दिसलं. १९६२ पासून चालत आलेला हा संघ. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग त्यानं जिंकली, फेडरेशन चषक आणि ड्युरँडही खात्यात होते. विजेतेपदाला पाच वर्षं व्हायच्या आत, २००९-१० च्या हंगामानंतर, कंपनीनं संघ बंद केला. मैदानावर हरून तो बुडाला नव्हता. पुढच्या वर्षी पंजाबात जेसीटी या कंपनीच्या संघाचं तेच झालं. पुणे एफसी आणि मुंबई एफसी हे दोन्ही २००७ साली जन्मले आणि दहा वर्षांच्या आसपास दोघांचा गाशा गुंडाळला गेला. आता विचार करा, वीस-तीस वर्षं कूपरेजवर येणाऱ्या माणसाच्या हातात या निर्णयाविरुद्ध काय होतं? तो सभासद नव्हता, मतदार नव्हता, भागधारक नव्हता. तो तिकीट काढून आत येणारा प्रेक्षक होता. दुसऱ्याच्या घरातलं भांडं फुटलं म्हणून आपण फार तर चुकचुकतो. मुंबईच्या फुटबॉलप्रेमींनीही तेवढंच केलं, कारण तेवढंच करता येत होतं.

याच्या शेजारी ब्युनोस आयर्सचा सॅन लोरेंझो ठेवून पाहा. त्यांचं गासोमेत्रो हे मैदान बोएडो वस्तीत होतं. लष्करी राजवटीच्या दबावाखाली १९७९ साली क्लबला ते सोडावं लागलं आणि पुढं त्या जागेवर कारफूर कंपनीचं सुपरमार्केट उभं राहिलं. क्लबनं १९९३ साली दुसरीकडे नवं मैदान बांधलंही. तिथं प्रकरण मिटायला हवं होतं. पण अर्जेंटिनातले क्लब सभासदांच्या संस्था असतात, आणि या सभासदांनी विसरायला नकार दिला. त्यांनी मोर्चे काढले. २०१२ साली शहराच्या विधिमंडळानं जागा परत देण्याचा कायदा केला. चाहत्यांनी चौरस मीटरच्या हिशेबानं पैसे भरले आणि २०१९ साली जमीन पुन्हा क्लबच्या ताब्यात आली. इंग्लंडात विम्बल्डनचा क्लब २००२ साली दूरच्या मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला आणि नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०२० साली ते प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, परतले. या लोकांची आठवण कूपरेजकरांपेक्षा जास्त हळवी होती असं मानायला काही आधार नाही. फरक इतकाच की तिला बसायला सभागृह होतं, बोलायला सभासदत्व होतं आणि पैसे गोळा करायला पावतीपुस्तक होतं.

हे सगळं परदेशी आहे, आपल्याकडे कुठं असं, असं कुणी म्हणेल तर त्याला कोल्हापूरला पाठवावं. तिथले संघ म्हणजे तालमी आणि पेठांची मंडळं: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी. राजर्षी शाहूंच्या कुस्तीप्रेमातून वाढलेल्या तालमींनी फुटबॉलही आपलासा केला आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आजही स्थानिक सामन्यांना भरतात. देशभर जिथं जिल्हा पातळीच्या सामन्यांना खेळाडूंचे भाऊच प्रेक्षक असतात, तिथं ही गोष्ट साधी नाही. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तो याच गावचा. इथं जुन्या खेळाडूची आठवण काढणारा म्हातारा आणि आजचा आघाडीवीर एकाच गल्लीत राहतात. आठवण खोटी निघाली तर दुरुस्त करायला माणसं हजर असतात. कोल्हापूरवर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. समर्थकांची हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिसांचा लाठीमार, अर्ध्यावर थांबलेले सामने हे सगळं तिथं घडलेलं आहे. खेळाडू पैशासाठी दरवर्षी मंडळ बदलतात अशी कुरकुरही ऐकू येते. आपलेपणाची ही किंमत आहे, आणि ती थोडी आहे असं मी म्हणणार नाही. पण मंडळ बंद करायचं कुणी ठरवलं तर पेठ गप्प बसेल का, हा प्रश्न विचारून पाहा. मुंबईत तो विचारायचीही सोय नव्हती.

माझ्या म्हणण्याला खरी अडचण गोव्याची आहे. धेंपो, साळगावकर हे संघ उद्योगपतींच्या घराण्यांचे. धेंपोनं पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. माझा नियम काटेकोरपणे लावला तर हे संघ विस्मृतीत जायला हवे होते. तसं झालं नाही. धेंपो खालच्या लीगमधून वर येत २०२४ साली पुन्हा आय-लीगमध्ये पोचला. तेव्हा मालकी हाच एकमेव मुद्दा नाही, हे मान्य करायला हवं. गोव्यात संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले तरी राज्याची लीग चालू होती, मुलांचे संघ चालू होते, गावोगावच्या स्पर्धा चालू होत्या. मालक घराणं असलं तरी खेळाडू कुठल्या वाड्यावरचा हे प्रेक्षकाला ठाऊक होतं. कागदावर नसलेली मालकी तिथं सवयीनं तयार झाली होती. मुंबईत कंपनीनं हात काढला तेव्हा खाली झेलायला असं काही उरलं नव्हतं. गिरण्यांची वस्तीच विरून चालली होती.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे. जुनं काही इतकं सोन्याचं नव्हतं. आजच्या स्टेडियमात आसन असतं, प्रकाशझोत असतात, बाई मुलाबाळांना घेऊन बिनधास्त येऊ शकते. जुन्या मैदानांवर प्रेक्षक म्हणजे जवळपास सगळे पुरुष. शिवाय आठवण चांगल्या सामन्यांची होते, रटाळ बरोबऱ्या गळून पडतात. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच जुनं मैदान जसंच्या तसं जपा असा हट्ट मी धरणार नाही. कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आली म्हणून गळा काढणाऱ्यांशी माझं जमणार नाही. आठवणीची चूक दुरुस्त करायलाही अखंड चालणारी संस्थाच लागते: जुने धावफलक, छायाचित्रं, नोंदवह्या ठेवणारी. कंपनीचा क्रीडा विभाग बंद झाला की करंडकाचं कपाट कुठल्या गोदामात जातं, याची चौकशी कोण करणार? २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या चित्रपटानं रहीमसाहेबांची आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाची आठवण देशाला करून दिली, हे चांगलंच झालं. पण चित्रपट देशाच्या संघाची गोष्ट सांगतो. कॅल्टेक्सची गोष्ट कॅल्टेक्सवाल्यांनीच सांगायची असते, आणि ते आता सांगण्यासारखे एकत्र नाहीत.

गोंदियात बसून हे लिहिण्याचं कारण काय, असं विचारलं जाईल. आपल्याकडे ना रोव्हर्स, ना तालीम मंडळांची लीग. आमगाव-तिरोड्यातला एखादा पोरगा हायबरीवरचा तिएरी ऑन्री जाणतो आणि नेव्हिल डिसोझाचं नाव त्यानं ऐकलेलं नसतं. त्यात त्याची चूक नाही, दूरदर्शनच्या पडद्यावर जे येतं तेच तो जपणार. पण आठवण राखण्याची ताकद या भागात नाही असं कुणी म्हणू नये. शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींवर, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंदी आणली. २०२१ च्या अखेरीस सशर्त परवानगी मिळाली, २०२३ साली घटनापीठानं ती कायम केली, आणि गावोगावचे पट पुन्हा भरू लागले. मधल्या वर्षांत गावं जुन्या जोड्यांची नावं विसरली नव्हती, पटाची जागाही विसरली नव्हती. प्राण्यांच्या हालांबद्दलचे प्रश्न वेगळे आणि गंभीर आहेत. इथं मला फक्त एवढं दाखवायचं आहे की पट गावाचा होता, म्हणून बंदी उठताच गाव उभं राहिलं. रोव्हर्स चषकावर कुठल्याही न्यायालयानं बंदी घातली नव्हती. २००१ च्या सुमारास तो थांबला, आणि पुन्हा सुरू करणं आपलं काम आहे असं कुणाला वाटलं नाही.

आपल्या जिल्ह्यात फुटबॉल आहे तो मुख्यतः शाळेचा. सुब्रतो चषकासाठी दरवर्षी संघ बांधले जातात, तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून विभागाला जातात, आणि पोरं वयात बसेनाशी झाली की संघ संपतो. पुढच्या वर्षी नवी पोरं, नवा संघ, शाळेचं नाव तेवढं तेच. सतराव्या वर्षानंतर त्या मुलानं कुठं खेळायचं आणि कुणी त्याला पाहायचं, याला उत्तर नाही. सगळी चर्चा क्रीडा संकुलाच्या निधीवर अडते: कुंपण, पॅव्हेलियन, धावपट्टी. संकुल हवंच. पण कूपरेजकडे पाहिल्यावर मला तरी असं दिसतं की आधी मैदान बांधून मग संघाची वाट पाहणं हा उलटा क्रम आहे. आठही तालुक्यांत मिळून सभासदांचे दोन-तीन क्लब, वर्षाला वर्गणी भरणारे, वार्षिक सभा घेणारे, खेळाडूंच्या नावांची वही ठेवणारे, एवढ्यावर लीग सुरू होऊ शकते. मैदान तूर्त शाळेचं चालेल. त्यासाठी मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात सभासद पुरतात, आणि धर्मादाय कार्यालयात अर्ज करायला गोल मारता यावा लागत नाही.