सालदारकी सोडली, आता हप्तेदारकी कायले?

दोस्तहो, आधीच सांगून टाकतो. मला मोठी गाडी पाहिजे. उंच, रुंद, आत बसलं की रस्ता खाली दिसेल अशी. यात मला काडीची लाज नाही. 'तुमच्यासारख्याले येवढी गाडी कायले पाह्यजे बे?' असं यवतमाळच्या चौकात चहा पिता पिता विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. त्याच्या बापाला हा सवाल कुणी कधी विचारला नव्हता.

वाहन ही आपल्यासाठी साधी वस्तू कधीच नव्हती. १९०१ साली मसूर स्टेशनावर लहानग्या भीमरावाची जात कळताच गाडीवानानं बैलगाडी हाकायचं नाकारलं. दुप्पट भाडं घेतलं आणि पोरांनाच हाकायला लावली. १९२९ साली तेच पोर बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचा सभासद होऊन चाळीसगावला उतरलं, तर टांगेवाल्यानंही तेच केलं. टांगा भाड्यानं दिला, पण हाकायला बसला नाही. पाहुण्याला पायी नेलं तर त्याची अब्रू जाते, म्हणून आपल्याच एका माणसानं लगाम धरला. त्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. हाकू कुणी दिला होता? पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला.

दोष त्या माणसाचा नव्हता. पण आज शंभरेक वर्षांनी तोच अपघात आपण स्वतःच्या पैशानं विकत घेत असू, तर दोष कुणाचा?

माझंच सांगतो. बाबा एसटीच्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. फंडातले सहा लाख हाताशी. जुन्या गाड्यांच्या एका दलालानं २०११ ची जर्मन डिझेल गाडी दाखवली. पांढरी शुभ्र, आत लेदर, छतात काच. 'नेत्याची गाडी आहे भाऊ, एकच हात चाललेली. बसा तर खरं!' बसलो आणि विरघळलो. नेत्याची सावली फुकट मिळतेय म्हटल्यावर आपली अक्कल कशी पातळ होते, ते त्या दिवशी कळलं.

घरी बाबा म्हणाले, "पोरा, गाडी म्हातारी झाली का तिची किंमत उतरते. पार्टची काऊन उतरन? थो पार्ट पन्नास लाखाच्या गाडीचाच हाये."

सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. पहिल्या मालकानं गाडीची मजा घेतली, आता तिचं आजारपण तो तुम्हाला विकतोय. एअर सस्पेन्शन, टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांतलं काहीही गेलं तरी बिल नव्या गाडीच्या हिशेबानं येणार. आणि जर्मन गाडीचं कंपनी वर्कशॉप गाठायचं तर नागपूर, म्हणजे दीडशे किलोमीटर. टोचन लावून न्यायची का?

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बाबा न सांगता दलालाच्या दारात. बोनेटवर हात ठेवला. गरम! गाडी आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन खरं बोलतं, गरम इंजिन खोटं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. बाबांनी सीटबेल्ट मुळापर्यंत ओढला. शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग. गाडी कुठल्या तरी पुरात बुडून आलेली. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, जुलै २०२३ मध्ये आपला जिल्हा बुडाला. बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत, काही पॉलिश होऊन दूरच्या गावी विकल्या जातात. मिटर साठ हजार किलोमीटर सांगत होता, स्कॅनर लावला तर गिअरबॉक्सच्या मेंदूत दोन लाखांच्या वर. दलाल हसला, 'तुम्ही लोक लई बारीक पाहता!' हो, आम्ही लोक आता बारीकच पाहणार.

आता कागद. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथं बंदीचा मार बसला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती बंदी उचलून धरली, २०२५ मध्ये त्यात फेरफार केले. पण ती इकडं कायमची आणली तर तिथली एनओसी लागते, एमएच २९ नंबर घ्यावा लागतो आणि टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो किमतीत धरला का? बँकेचा बोजा उतरला का? फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावरची गाडी फिरवणारे आपले कितीतरी दादा आहेत. २०१८ मध्येच सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे गाडी फिरवणार तुम्ही आणि कायद्यानं मालक दुसराच! हीच तर जुनी गोष्ट आहे ना?

आणि कर्ज. बँक इतक्या जुन्या गाडीला सहसा हात लावत नाही, म्हणून खाजगी फायनान्सवाला येतो. कापसाच्या कर्जानं या जिल्ह्याचं काय केलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. माझा आजा सालदार होता. वर्षभर एकाच्या वावरात, उचल फिटली नाही की पुढचंही साल त्याच्याच दारात. आजानं सालदारकी केली, बापानं ती तोडली, आणि मी पाच वर्षांची हप्तेदारकी करू? लेदरच्या सीटवर बसलेला सालदार हा सालदारच.

म्हणून माझा हिशेब असा: सहा लाख असतील तर गाडी चारची. दोन लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे, त्यांना हात लावायचा नाही. बिल्ला कुठला ते नंतर. आधी विचारायचं की हिचा पार्ट यवतमाळ-वणीत मिळतो का, गल्लीतल्या मिस्त्रीला ती उघडता येते का. फोर्डनं २०२१ मध्ये इथं गाड्या बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. एन्डेव्हर दणकट, पण पार्ट कुठून आणि किती दिवसांत येईल ते आधी विचारा. जर्मन बिल्ल्यापेक्षा जुनी, साधी, मिस्त्रीच्या ओळखीची गाडी आपली. चार लाखांत तशी मिळाली नाही तर थांबायचं. थांबण्यानं अब्रू जात नाही.

मी अजून शोधतोय. कुणाला गाडी पाहायला जायचं असेल तर सांगा, बाबा येतील. मात्र पहाटे, इंजिन थंड असताना.

जयभीम.