वगळणं आपोआप, सामावणं मात्र अर्ज करून

आमच्या वस्तीत एक काका आहेत. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय निकामी झाले. गेली नऊ वर्षं त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळतात. मागच्या पावसाळ्यात एका जागी बसून बसून झालेली जखम चिघळली, ताप चढला आणि त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. आरोग्यमित्राच्या टेबलावर पहिला प्रश्न आला, "रेशनकार्ड कुठंय?" भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा भावाच्या कार्डातून काकांचं नाव कमी झालं होतं आणि नवीन कार्ड काही झालं नव्हतं. "मग तहसीलचा दाखला आणा." म्हणजे ज्या तहसील कार्यालयाने नऊ वर्षांपूर्वी त्यांचं अनुदान मंजूर केलं, त्याच कार्यालयातून हा माणूस कोण आहे याचा कागद आणायचा! दाखला येईपर्यंत वहिनींनी बचत गटातून पंधरा हजार उचलले. आणि त्याच आठवड्यात काकांना निरोप आला, हयातीचा दाखला जमा केला नाही तर अनुदान बंद होईल.

मित्रांनो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. अनुदान बंद करायचं असेल तेव्हा शासनाला काका बरोबर सापडतात. त्यांचा आधार क्रमांक, बँक खातं, फोन नंबर, सगळं हाताशी असतं. उपचार द्यायची वेळ आली की तेच शासन विचारतं, आपण कोण? आमच्या राज्यात वगळणं आपोआप होतं, सामावून घेणं मात्र अर्ज केल्याशिवाय होत नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं झालं पाहिजे. ज्या दिवशी एखाद्या अपंग व्यक्तीचं अनुदान मंजूर होतं, त्याच दिवशी तिचं नाव सरकारी आरोग्य विम्यात आपोआप लागलं पाहिजे. वेगळा अर्ज नको, वेगळा दाखला नको, शिबिर नको.

काही जण म्हणतील, आता काय अडचण आहे? महाराष्ट्र शासनाने 2023 मध्येच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचा निर्णय घेतला, दीड लाखाचं कवच पाच लाख केलं. बरोबर आहे. कागदावर हक्क सगळ्यांना आहे. पण हक्क असणं आणि दारात नोंद सापडणं यात मोठं अंतर आहे, आणि ते अंतर कोणाला चालत जावं लागतं? ज्याला चालताच येत नाही त्याला. कुष्ठरोगाने ज्यांच्या बोटांचे ठसे गेले त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. मतिमंद मुलीची आई रोजंदारी बुडवून सेतू केंद्रात तीन चकरा मारते. जो अंध आहे त्याला पोर्टलवरचा कॅप्चा कोण वाचून दाखवणार? सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या दाराला उंच पायरी ठेवली की ते दार सगळ्यांसाठी राहत नाही. महाडला आणि नाशिकला आपल्या लोकांनी हेच शिकवलं आहे. तळं "सार्वजनिक" होतं, मंदिरही "सर्वांचं" होतं.

आता बघा, अनुदान मिळवण्यासाठी आमच्या माणसाने काय काय सिद्ध केलेलं असतं. जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळापुढे उभं राहून किमान 40 टक्के अपंगत्व सिद्ध केलेलं असतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत आहे, याचा तहसीलदाराचा दाखला दिलेला असतो. रहिवासी पुरावा दिलेला असतो. तालुका समितीने नाव तपासलेलं असतं. गरिबी सिद्ध, अपंगत्व सिद्ध, रहिवास सिद्ध. आरोग्य विम्याला याहून जास्त काय लागतं? फक्त एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याकडे जायला लागते. अनुदान सामाजिक न्याय विभागाचं, रेशनकार्ड अन्न व नागरी पुरवठा विभागाचं, विमा सार्वजनिक आरोग्य विभागाचा. वर 2022 पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभागही आहे. हे सगळे विभाग एकाच शासनाचे आहेत. त्यांच्यातला निरोप्या मात्र व्हीलचेअरवरचा माणूस!

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने तर अपंगांची चेष्टाच केली. 2018 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा लाभार्थी ठरले 2011 च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेवरून. ग्रामीण भागात अपंगत्व हा निकष होता, पण अट अशी, की घरात अपंग व्यक्ती असावी आणि एकही धडधाकट प्रौढ नसावा. म्हणजे घरात म्हातारा का होईना, हातपाय चालणारा बाप असेल तर या निकषातून तुम्ही बाद. शहरात तर अपंगत्व हा निकषच नव्हता. तिथे कामधंद्याचे 11 गट होते. कचरावेचक होते, घरकामगार होते, फेरीवाले होते, आणि भिकारी होते. याचा अर्थ लक्षात घ्या. शहरातल्या अपंग माणसाला अपंग म्हणून यादीत जागा नव्हती. त्याने भीक मागितली तर होती. ज्या देशाच्या संविधानाचं कलम 41 आजारपणात आणि विकलांगतेत शासनाच्या साहाय्याची गोष्ट हक्क म्हणून बोलतं, त्या देशातली ही यादी!

आणि हा फक्त अपंगांचा प्रश्न आहे, चळवळीचा नाही, असं कोणी समजू नये. 2011 च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्तींचं प्रमाण 2.21 टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये ते 2.45 टक्के होतं. हा फरक कर्माचा नाही आणि नशिबाचाही नाही. कुपोषण, चुकलेली लस, गटारातलं आणि बांधकामावरचं काम, वेळेवर न मिळालेला उपचार, यातून तो येतो. जात माणसाच्या शरीरावरही आपली सही करते. मागच्या जन्माचं पाप म्हणून अपंगत्वाकडे बघणारी आणि मागच्या जन्माचं पाप म्हणून अस्पृश्यतेकडे बघणारी विचारसरणी एकच आहे. म्हणूनच "दिव्यांग" हा शब्द ऐकला की मला "हरिजन" आठवतो. 1938 मध्ये मुंबई विधानसभेत या नावाला बाबासाहेबांनी विरोध केला आणि सभात्याग केला. नाव दैवी द्यायचं आणि हक्काच्या वेळी हात आखडता घ्यायचा, ही युक्ती आपल्याला जुनी आहे.

आपोआप नोंदणी ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. अडारकरांकडे दिलं गेलं, 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि पुढे 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या कायद्याचं मर्म काय? कामगाराने अर्ज करत फिरायचं नाही. त्याची नोंद करायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली. मालकाने टाळलं तर तो मालकाचा गुन्हा. आपल्या मागणीचा पाया हाच आहे. नोंदणीची जबाबदारी ज्याच्या हातात सत्ता आहे त्याची. अपंगांच्या बाबतीत सत्ता शासनाच्या हातात आहे.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेचं घ्या. तिथे 1972 च्या कायद्याने सामाजिक सुरक्षा विम्यातून अपंगत्वाचं वेतन घेणाऱ्यांना मेडिकेअर खुलं केलं. वेतनाची 24 महिन्यांची पात्रता पूर्ण झाली की नाव आपोआप लागतं, कार्ड घरी पोस्टाने येतं. अतिगरीब अपंगांना वेगळं साहाय्य मिळतं आणि बहुतेक राज्यांत त्यासोबतच मेडिकेडही मिळतं. ती व्यवस्था आदर्श नाही. दोन वर्षं थांबायला लावणं क्रूर आहे आणि तिथले अपंग कार्यकर्ते त्याविरुद्ध भांडतात. पण त्यांचं भांडण "किती लवकर" यावर आहे. आपण अजून "कोणत्या खिडकीवर" इथेच अडकलो आहोत.

आपल्याकडेही इच्छा असली की निकष गळून पडतात. 2024 मध्ये केंद्राने सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानमध्ये घेतलं. चांगलं केलं. मग अपंगांच्या बाबतीत हात का अडतो? 2016 चा अपंग हक्क कायदा तर स्पष्ट सांगतो. त्याच्या कलम 24 मध्ये, जे इतर कोणत्याही सरकारी विम्यात येत नाहीत अशा अपंगांसाठी सर्वसमावेशक विम्याचा उल्लेख आहे. कलम 25 मध्ये जवळच्या ठिकाणी मोफत उपचार आणि उपचारात प्राधान्य आहे. कायदा आहे, यादी आहे, पैसा आहे. नाही ती फक्त लाज.

दोन आक्षेप आपल्याच लोकांकडून येतात, त्यांना उत्तर दिलं पाहिजे. पहिला, विमा म्हणजे खाजगी दवाखान्यांची चांदी, आपण सरकारी दवाखाने मागितले पाहिजेत. मला हे मान्य आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषध हीच आपली खरी मागणी. पण ते होईपर्यंत काकांनी जखम घेऊन बसून राहायचं का? शिवाय आहे त्या विम्यातला दोषही याच मागणीत मांडता येतो. हा विमा मुख्यतः दाखल झाल्यावरच्या उपचारांचा आहे. अपंग माणसाचा रोजचा खर्च फिजिओथेरपी, कॅथेटर, मानसिक आजाराच्या गोळ्या, फिटचं औषध यांवर होतो, आणि तो विम्याबाहेर राहतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एक योजना दुसरीला जोडली की एक तुटल्यावर दुसरीही तुटेल. हयातीचा दाखला राहिला म्हणून अनुदान थांबलं, आणि त्याबरोबर उपचारही थांबले तर? हा धोका खरा आहे. म्हणून मागणी नेमकी मांडायला हवी. नोंद आपोआप लागावी, पण आपोआप तुटू नये. नोंद व्यक्तीच्या नावाने असावी, रेशनकार्डाच्या भरवशावर नसावी. अंगठा उमटला नाही म्हणून उपचार अडू नयेत, अनुदान मंजुरीचा आदेश पुरेसा मानावा. आणि त्या व्यक्तीला तिच्या भाषेत कळवावं, नको असेल तर नकार द्यायचा हक्क असावा.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. गेली काही वर्षं आपणही आरोग्य कार्डांची शिबिरं भरवतो. मीही भरवली आहेत. विहारात टेबल मांडायचं, बॅनरवर नगरसेवकाचा फोटो, कार्ड देताना फोटो. लोकांची अडचण सुटते हे खरं. पण शासनाचं काम आपण फुकटात करून देतो आणि नागरिकाला लाभार्थी बनवण्यात हातभार लावतो. ज्याला कार्ड मिळालं तो नगरसेवकाचे आभार मानतो, संविधानाचे नाही. शिबिरं लगेच बंद करा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक शिबिरासोबत एक काम करा. तुमच्या तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि दोनच प्रश्न विचारा. या तालुक्यात संजय गांधी योजनेत किती अपंग लाभार्थी आहेत? आणि त्यातल्या किती जणांची आरोग्य योजनेत नोंद आहे? या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आपल्या लढ्याची यादी. ती घेऊन निवेदन द्या, उत्तर नाही आलं तर धरणं धरा. आणि त्या धरण्यात पहिल्या रांगेत, माइकसमोर, आपले अपंग भाऊबहीण असू द्या. त्यांच्या वतीने आपण बोलायचं, ही सवय आपल्यालाही सोडावी लागेल.

काका आता बरे आहेत. वहिनी अजून बचत गटाचे हप्ते फेडत आहेत.

जय भीम.