चाळणी, डोळा आणि जीभ



मंगळवार पेठेतल्या माणसाने कॉफीवर लिहावे म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्याकडे दिवस उजाडतो तो चहाने. कॉफी व्हायची ती उपवासाला, नाहीतर पाहुणे आल्यावर जायफळ घालून. पण बंगळुरूचा भाचा हल्ली दिवाळीला येताना कॉफीच्या बियांची पिशवी घेऊन येतो. यंदाच्या पिशवीवर ‘प्लांटेशन ए’ असे छापलेले होते. अडतीस वर्षे पेपर तपासलेल्या माणसाला ‘ए’ दिसला की स्वस्थ बसवत नाही. हा ‘ए’ दिला कुणी? आणि कोणत्या विषयात?

भाच्याला विचारले, थोडे वाचले आणि गंमत कळली. तो ‘ए’ चवीचा नव्हेच, तो आकाराचा! धुऊन तयार केलेल्या अरेबिका बियांना आपल्याकडे ‘प्लांटेशन’ म्हणतात आणि फळासकट वाळवलेल्यांना ‘चेरी’. या बिया भोकांच्या चाळण्यांवरून जातात. ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवर ज्या राहतात त्या ‘ए’, खालच्या ६ मिलिमीटरच्या चाळणीवर राहतात त्या ‘बी’. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, कधी मात्र एकच गोल बी धरते. तिला ‘पीबेरी’ म्हणून वेगळे काढतात. मग काळी, किडकी, फुटकी बी वेचायची.

आता कुणी म्हणेल, बी मोठी म्हणून चांगली कशी? वर्गातला उंच मुलगा हुशार असतोच असे नाही. बरोबर आहे. पण चाळणीला कारण आहे. लहानमोठ्या बिया एकत्र भाजल्या तर मोठी कच्ची राहते तोवर लहान करपून जाते. म्हणजे चाळणी बीला एका रांगेत उभी करते, पास-नापास ठरवत नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. नमुना हलका भाजून, दळून, वाटीत घालून त्यावर ९३ अंशांच्या आसपासचे पाणी ओततात. चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडून वास घेतात आणि मग चमचाचमचाने भुरका मारून चव पाहतात. चांगला मोठा आवाज करून बरं का! सुगंध, आंबटपणा, गोडी, मागे रेंगाळणारी चव, सगळ्याला गुण. शंभरापैकी ऐंशीच्या वर गेली तर ती ‘स्पेशालिटी’ कॉफी, असा हिशेब जगभर वीसेक वर्षे चालला. २०२३ मध्ये तिथल्या जाणकारांच्या संघटनेने नवी पद्धत पुढे आणली. तिच्यात चव कशी आहे याचे वर्णन एका कागदावर आणि ती मला किती आवडली हे दुसऱ्या कागदावर. हे वाचून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. निबंध तपासताना ‘काय लिहिले आहे’ आणि ‘मला पटले का’ हे वेगळे ठेवणे किती अवघड असते, ते शिक्षकच जाणे!

आपल्या कॉफी बोर्डाकडे तर कॉफीची गुणवत्ता पारखण्याचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. जिभेचे शिक्षण, आणि तेही सरकारमान्य.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कॉफी चिकमगळूर-कोडगूची, पण गूळ आपला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे होतात. आणि या आपल्या गुळाची परीक्षा कशी होते? एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. नंबर ठरतो तो मुख्यतः रंगावर, कडकपणावर आणि कणीवर. पिवळाधमक रवा दिसला की बोली चढते, तांबूस दिसला की उतरते. जिभेला तिथे फारसे काम नाही.

रंग पाहणे मुळात मूर्खपणाचे नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ काळपट आणि खारा उतरतो. काहिलीत रस जास्त तापला तर गूळ करपतो. चांगला गुळव्या रानभेंडीच्या चिकाने मळी धरून वर काढतो, रस नितळ होतो आणि रंग खुलतो. म्हणजे रंग ही एक खूण होती, मागे कसबी हात असल्याची. पण खुणेलाच सगळे गुण दिले की लोक खूण तयार करायला शिकतात. आमच्या धंद्यात याला गाईड पाठ करणे म्हणतात. गुळाच्या धंद्यात हायड्रोस पावडर घालणे म्हणतात, नाहीतर रसात साखर मिसळणे. गुळात गंधकाचा अंश दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त नसावा असा कायद्याचा नियम आहे. तो नियम काही रव्यावर हात ठेवून कळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते.

यात शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. जो गुऱ्हाळवाला पावडर न घालता गूळ करतो त्याचा रवा तांबूस निघतो, आणि सौद्यात त्यालाच भाव कमी. प्रामाणिकपणाला दंड आणि रंगरंगोटीला बक्षीस! असा निकाल लावणाऱ्या शाळेत मुले काय शिकतील? गुऱ्हाळे एकामागून एक बंद पडत आहेत. त्यामागे मजुरांची टंचाई आहे, साखर कारखान्यांची ओढ आहे, पण ही उलटी परीक्षाही आहे असे माझे मत आहे.

कुणी म्हणेल, गुरुजी, सौद्यात रव्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, चव बघत बसायला वेळ कुणाला? पण कॉफीवाले तरी प्रत्येक पोते कुठे चाखतात? एका ढिगातून साडेतीनशे ग्रॅमचा नमुना काढतात आणि त्यावरून सबंध ढिगाचे ठरवतात. आपल्या यार्डात एक टेबल, चार शिकवून तयार केलेल्या जिभा आणि एक लहानशी प्रयोगशाळा, एवढे बसू शकत नाही का? कोल्हापुरात ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, माणसे काही कमी नाहीत. रव्यावर गाव, उसाची जात आणि चवीचा शेरा लिहिलेली चिठ्ठी चिकटली तर रंगाचा तोरा आपोआप उतरेल.

पण यार्ड बदलायचे तेव्हा बदलेल. पिवळा गूळ मागतो कोण? तुम्ही-आम्हीच. पुण्या-मुंबईचे आणि परदेशातले आपले नातेवाईकही ‘तिकडून चांगला पिवळा गूळ पाठवा’ असेच सांगतात. व्यापारी बोली लावतो ती आपल्या या मागणीवर. तेव्हा संक्रांतीच्या आधी एवढे करा. दुकानात तांबूस आणि पिवळा, दोन्हींचा एकेक खडा मागा. डोळे मिटा आणि जिभेवर ठेवा. चांगल्या गुळाची गोडी सावकाश पसरते, उसाच्या रसाचा वास मागे राहतो. साखर मिसळलेला नुसता गोड लागतो आणि संपतो. मग जो आवडेल तो घ्या. पण दुकानदाराला तो का घेतला, हे मोठ्याने सांगा.