अठराव्या वर्षाची साक्ष

पांढरा सदरा, गळ्यांत टाय, छातीवर काळी नांवपट्टी, आणि शेजारीं हुबेहूब तसाच दुसरा एक तरुण. अमेरिकेंत कांहीं काळ राहून आलेल्या आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांना ही जोडी ओळखीची असेल. या मॉर्मन धर्मप्रसारकांविषयीं सुशिक्षितांत दोन मतें ऐकूं येतात. पहिलें उपहासाचें : ज्यांना अजून मिसरूड नीट फुटलेलें नाहीं त्यांनीं जगाला मोक्षाचा मार्ग दाखवावा, यासारखा विनोद नाहीं! दुसरें कौतुकाचें, आणि हल्लीं तेंच अधिक ऐकूं येतें : धर्म कसाही असो, पोरें शिस्तीचीं होतात, परकी भाषा शिकतात, नकार पचवितात आणि पुढें व्यापारांत चमकतात. आमच्या मतें पहिलें मत उथळ आहे. दुसरें त्याहूनही वाईट आहे. कारण ज्याची स्तुति करावयाची त्याचा हेतूच तें ओळखत नाहीं.

उपहास करणाऱ्यांनीं या मुलांचा एक दिवस डोळ्यांपुढें आणावा. सकाळीं साडेसहाला उठावयाचें. प्रार्थना, व्यायाम, धर्मग्रंथाचें वाचन, सोबत्याबरोबर अभ्यास. मग दिवसभर रस्ते आणि दारें, आणि रात्रीं साडेदहाला दिवा मालवावयाचा. (2017 पासून या वेळापत्रकांत स्थानिक परिस्थितीप्रमाणें थोडी मोकळीक आली आहे.) आठवड्यांतून एक दिवस धुणें, किराणा आणि घरचें पत्र यांसाठीं. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरीं दूरध्वनि करण्याची मुभा वर्षांतून दोनदांच, नाताळांत आणि मातृदिनीं असे. आतां ती दर आठवड्यास मिळते. पगार नाहीं, उलट मुलानें किंवा त्याच्या घरच्यांनीं दरमहा ठराविक रक्कम भरावयाची. कोठें जावयाचें हें सॉल्ट लेक सिटीचें मुख्यालय ठरविणार, सोबती कोण हें वरिष्ठ ठरविणार, आणि सुमारें दर सहा आठवड्यांनीं बदल्या होणार. तरुणांसाठीं ही सेवा चोवीस महिन्यांची आहे. 2012 सालीं वयाची अट 19 वरून 18 वर आली. 2024 च्या अखेरीस 70,000 हून अधिक प्रसारक जगभर काम करीत होते. सुखवस्तु घरांतील मुलानें ऐन उमेदींतील दोन वर्षें अशीं द्यावींत, यांत हसण्यासारखें काय आहे? आपल्या घरांत त्याच वयाच्या मुलाला स्वतःचा चहाचा पेला विसळावयास सांगतांना आईचा जीव खालींवर होतो.

तेव्हां त्या मुलांशीं आमचा तंटा नाहीं. तंटा आहे तो त्यांच्याकडून जें वदवून घेतलें जातें त्याच्याशीं.

या पंथांत 'साक्ष' देण्याला फार मोठें स्थान आहे. महिन्यांतून एकदां, बहुधा पहिल्या रविवारीं, सभेंत कोणीही उठून साक्ष द्यावी अशी वहिवाट आहे. लहान मुलेंही देतात. तिची भाषा रूढ झालेली आहे. 'माझा विश्वास आहे' एवढ्यानें भागत नाहीं, 'मला ठाऊक आहे' असें म्हणावयाचें. हेंच वाक्य घेऊन अठरा वर्षांचा मुलगा परक्याच्या दारांत उभा राहतो. आणि त्याला तें अजून ठाऊक नसेल तर? बॉइड पॅकर हे या पंथाचे एक वजनदार प्रेषित होऊन गेले. 1983 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका भाषणाचा आशय असा, कीं साक्ष ही देतां देतांच सांपडते.

कोणी म्हणेल, यांत वावगें काय? आपल्याकडेही नाम आधीं आणि प्रेम मागाहून असेंच सांगतात. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो आम्ही टाळीत नाहीं. आधीं आचरण, मग प्रतीति, हा क्रम खोटा नव्हे. परंतु नाम घेणारा शेजाऱ्याच्या दारांत जाऊन आपल्याला झालेल्या ज्ञानाची ग्वाही देत नाहीं. फार तर 'तुम्हीही नाम घ्या' म्हणतो. जें आपल्याला अद्याप मिळालेलें नाहीं तें मिळालें आहे, असें दुसऱ्यास सांगून तें मिळवावयाचें, ही गोष्ट निराळी. जें वाक्य रोज दहा वेळां उच्चारलें त्याची खात्री वाटूं लागणें हा तर मनाचा स्वभावच आहे. ती खात्री देवाकडून आली कीं जिभेच्या सवयीनें आली, हें ओळखण्यास उसंतच मिळूं दिली जात नाहीं. 'मॉर्मनचें पुस्तक' आपल्या वाचकाला सांगतें कीं, हें खरें आहे काय असें देवाला मनोभावें विचारा, तो कळवील. उत्तर न आलें तर मात्र विचारणाऱ्याचा भाव अपुरा! आपल्या कोंकणांत देवाला कौल लावतात, पण उजवा पडला तर देवाचा होकार आणि डावा पडला तर लावणाऱ्याचें मन अशुद्ध, असा कौल कोणी लावीत नाहीं.

या प्रश्नाचा उलगडा माणसाला एकांतांत होतो, आणि नेमका एकांतच या मुलांना वर्ज्य आहे. सोबत्याच्या दृष्टीआड व्हावयाचें नाहीं असा दंडक आहे. परक्या शहरांतील धोके आणि मोह ध्यानांत घेतां त्यामागचा हेतु समजूं शकतो. पहाटेची वैयक्तिक प्रार्थना आणि वाचन आहे, हेंही खरें. परंतु त्याच खोलींतला तो अर्धाएक तास म्हणजे एकांत नव्हे. गंमत अशी, कीं या पंथाचा सारा डोलारा एका मुलाच्या एकांतावर उभा आहे. जोसेफ स्मिथ हा 1820 सालीं, चौदा वर्षांचा असतांना, न्यूयॉर्क प्रांतांतील पाल्मायराजवळच्या रानांत एकटा गेला आणि इतक्या पंथांपैकीं खरा कोणता असें त्यानें देवाला विचारलें, अशी त्यांची मूळकथा आहे. त्याला कोणी सोबती नेमून दिला नव्हता. कोणतें उत्तर यावें हें आधीं ठरलेलें नव्हतें. ज्या प्रश्नानें संस्थापक घडला तोच प्रश्न त्याच मोकळेपणानें विचारण्याची सवड त्याच्या अठरा वर्षांच्या दूतांना असूं नये काय?

जुने प्रसारक निराळे होते. 1837 सालीं इंग्लंडला गेलेला हीबर किंबॉल असो कीं 1850 च्या दशकांत मुंबईपुण्यास येऊन राहिलेला ह्यू फिन्डले असो, हे प्रौढ पुरुष जुना पंथ स्वतः सोडून आलेले होते. सोडण्याचें दुःख त्यांनीं भोगलें होतें. आमचे बाबा पदमनजी 1854 सालीं ख्रिस्ती झाले तेही वर्षानुवर्षांच्या घालमेलीनंतर. त्यांचें 'अरुणोदय' त्या घालमेलीमुळेंच वाचनीय झालें आहे. आजचा मॉर्मन तरुण बहुधा त्याच पंथांत जन्मलेला असतो, आणि ज्या दारांत तो उभा राहतो त्या घरच्यांना मात्र वाडवडिलांचा धर्म सोडावयास सांगतो.

आतां कौतुक करणाऱ्यांकडे वळूं. हीं मुलें उत्तम विक्रेते होतात, हेंच त्यांचें प्रशस्तिपत्र! ज्या कामाचें फळ विक्रीच्या कसबांत दिसतें तें काम विक्रीच्या जवळपासचें तर नव्हे ना, अशी शंका यांच्या मनाला शिवत नाहीं. किती जणांस शिकविलें, किती जण सभेस आले, याचा हिशेब आठवड्याच्या आठवड्यास वर जातो. 1960 च्या आसपास इंग्लंडांत या आंकड्यांचा हव्यास इतका वाढला कीं, बेसबॉलच्या संघांत खेळावयास आलेल्या पोरांना बाप्तिस्मा देऊन मोकळे होत. तीं पोरें पुन्हा देवळाकडे फारशीं फिरकलीं नाहींत. याचें विवेचन पुढें त्यांच्याच इतिहासकारांनीं प्रांजलपणें केलें आहे, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे.

सर्वांत अधिक सोसावें लागतें तें मुदतीपूर्वीं परतणाऱ्यास. आजारामुळें परतला तरी कुजबुज होते. 'मला ठाऊक नाहीं' असें प्रामाणिकपणें कळून परतला तर त्याला आपल्याच घरांत मान वर करणें जड जातें. वास्तविक दोन वर्षांत खरी साक्ष दिली असेल तर ती यानेंच. पंथाला आपल्या मुलांच्या सत्यनिष्ठेचा अभिमान असेल, तर त्यानें आठवड्यांतील एक सकाळ त्यांना सोबत्यावांचून द्यावी, साक्षींत 'मला आशा आहे' या शब्दांनाही जागा ठेवावी, आणि नवव्या महिन्यांत परतलेल्या मुलाला घ्यावयास विमानतळावर तेवढींच माणसें जावींत, जेवढीं चोविसाव्या महिन्यांत गेलीं असतीं.