मोठी गोळी, हरणाचा खिमा आणि शिसे

नोव्हेंबर उजाडला, की अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत भडक नारिंगी जाकिटे घातलेली माणसे पहाटेच जंगलाकडे निघतात. हा हरणांच्या शिकारीचा हंगाम. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या तिथे कोट्यवधींत आहे, शिकार परवाना काढून कायद्याने होते आणि मिळालेले मांस पुढचे काही महिने घरच्या फ्रीझरमध्ये राहते. या शिकाऱ्यांमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. हरणासाठी रायफल केवढी असावी? मोठ्या कॅलिबरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा दयेचा असतो. गोळी जितकी मोठी, तितका जनावराचा जीव लवकर जातो, त्याचे हाल होत नाहीत, असे ते म्हणतात.

ऐकायला हे पटते. शरीरशास्त्र मात्र त्याला फारशी साथ देत नाही.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा किंवा नळीचा व्यास. हरणासाठी सर्रास वापरले जाणारे .२४३ विंचेस्टर हे काडतूस नळीच्या तोंडाशी साधारण २,६०० ज्यूल ऊर्जा देते. अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेले आणि नंतर शिकाऱ्यांचे लाडके झालेले .३०-०६ सुमारे ३,९०० ज्यूल देते. .३३८ विंचेस्टर मॅग्नम पाच हजारांच्या पुढे जाते, पण ते एल्क, मूस, अस्वल अशा धिप्पाड जनावरांसाठी आहे. सत्तर-ऐंशी किलोच्या हरणाला एवढ्या ऊर्जेची गरज नसते. गोळी हृदयातून किंवा फुप्फुसांतून गेली, की रक्तदाब कोसळतो, मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळातही हरीण पन्नास-शंभर मीटर धावू शकते, मग गोळी कितीही मोठी असो. आणि गोळी पोटात लागली, तर लहान काय नि मोठी काय, ते जनावर तासन्‌तास तडफडते. छातीतला हा मर्मभाग जेवणाच्या ताटाहूनही लहान, वीसेक सेंटिमीटरचा असतो. दया दाखवायची ती तिथे नेम धरून.

मोठी रायफल नेमके तेच अवघड करते. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्या जोराने दस्ता खांद्यावर मागे येतो. न्यूटनचा तिसरा नियम शिकाऱ्याला सवलत देत नाही. .३३८ मॅग्नमचा दणका .२४३ च्या तिपटीहून अधिक असतो. असे चार-सहा दणके बसले, की शरीर आपोआप शिकते आणि घोडा ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, नेम हलतो. हा भित्रेपणा नव्हे, प्रतिक्षिप्त क्रिया आहे. दुर्बीण कपाळावर आपटून भुवई फाटणे हा तर मॅग्नमवाल्यांचा ओळखीचा ‘प्रसाद’. दणका कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाशी छिद्रांचे टोपण बसवतात, तेव्हा आवाज मागे, थेट कानांवर येतो. क्षणिक आवाजाची सुरक्षित मर्यादा १४० डेसिबल मानतात आणि रायफलचा बार ती टोपणाशिवायही ओलांडतो. कानातल्या ज्या केसपेशी त्यात मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत.

तरीही शिकाऱ्याचे कान आणि खांदा हा शेवटी त्याचा खासगी प्रश्न म्हणता येईल. मांस मात्र तो एकटा खात नाही.

शिकारीच्या बहुतेक गोळ्यांचा गाभा शिशाचा आणि वेष्टन तांब्याचे असते. शिसे मऊ. हाडावर किंवा मांसावर वेगाने आदळले, की गोळी फुलते आणि तिचे कण उडतात. अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात रायफलने मारलेल्या ३० हरणांचे क्ष-किरण फोटो काढले. पोट साफ केल्यानंतरही प्रत्येक धडात धातूचे कण होते, सरासरी १३६. मग ही हरणे नेहमीच्या व्यावसायिक खाटकांकडे दिली. परत आलेल्या खिम्याच्या पाकिटांपैकी ३२ टक्क्यांत कण सापडले. ३० पैकी २४ हरणांच्या खिम्यात किमान एक तरी पाकीट असे होते. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर दोनच दिवसांत त्यांच्या रक्तातले शिसे इतर डुकरांच्या तिपटीहून वर गेले. मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने मेंढ्यांच्या धडांवर गोळ्या झाडून पाहिले, तेव्हा जखमेपासून फूटभर अंतरावरही कण मिळाले. म्हणजे जखमेभोवतीचे काळेनिळे मांस कापून टाकले की झाले, हा शिकाऱ्यांचा भरवसा अपुरा ठरतो.

इथे मोठ्या कॅलिबरवाल्यांचा एक मुद्दा मान्य करायला हवा. कण उडतात ते व्यासामुळे कमी आणि वेगामुळे, गोळीच्या घडणीमुळे जास्त. .४५-७० सारखी जाड, जड, संथ गोळी मांसाची नासाडी बरीच कमी करते. मिनेसोटाच्या चाचणीतही झटकन फुलणाऱ्या वेगवान गोळ्यांनी शंभराहून अधिक कण सोडले, बंदुकीच्या जाड शिसगोळ्यांनी त्याहून बरेच कमी. परंतु आज ‘मोठी रायफल’ म्हणून जी मिरवली जाते ती बहुधा वेगवान मॅग्नम असते, आणि तिच्यात वजन व वेग दोन्ही असतात. संपूर्ण तांब्याची गोळी फुलते, पण तुटत नाही. आपले जवळजवळ सगळे वजन ती टिकवून ठेवते.

दान केलेल्या मांसाचा प्रश्न तर वेगळाच. अमेरिकेत शिकारी जादाचे मांस गरिबांच्या फूड बँकांना देतात, चांगली प्रथा आहे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने अशी शंभरेक पाकिटे सीटी स्कॅनखाली घातली. निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. राज्याच्या आरोग्य विभागाने ते मांस वाटू नका, असे सांगितले. नंतर तिथल्या ७३८ जणांचे रक्त तपासले गेले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांत शिसे थोडे अधिक होते, सरासरी ०.३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, आणि कोणीही त्या वेळच्या १० च्या मर्यादेपुढे नव्हते. शिकारी संघटनांनी सुटकेचा श्वास टाकला. मात्र लहान मुलांसाठीची ती पातळी २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. शिशाची निर्धोक पातळी नाहीच, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल पोटात गेलेल्या शिशातला वाटा प्रौढाच्या चार-पाच पट शोषते आणि फटका वाढत्या मेंदूला बसतो. स्वतःच्या खर्चाने बंदूक घेणाऱ्याच्या हौसेचा कण फुकटच्या खिम्यातून दुसऱ्याच्या मुलाच्या ताटात पडावा, याचे समर्थन ०.३ च्या आकड्याने होत नाही.

कायद्यांचा रोख मात्र उलट्या बाजूला राहिला. कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर लागते, इंग्लंडमध्ये .२४०. लहान गोळीने जनावर जखमी होऊ नये म्हणून हे नियम झाले आणि ते योग्यच आहेत. गोळी कशाची, हा प्रश्न मागाहून आला. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसे पूर्ण बंद केले, तेही मुख्यतः कॉन्डर गिधाडांसाठी. शिकाऱ्याने जंगलात टाकलेली आतडी खाऊन ती मरत होती. डायक्लोफिनॅकने भारतातली गिधाडे संपवली, ती गोष्ट ज्यांना आठवते, त्यांना यातली साखळी समजावून सांगावी लागणार नाही. डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिसगोळ्याही बंद केल्या. तांब्याच्या गोळ्या महाग पडतात, हा आक्षेप खरा आहे. पण हरणाला गोळी लागते एक, फार तर दोन, आणि मॅग्नम काडतुसे घेताना याच शिकाऱ्याचा हात आखडत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा वाद उरला नाही. मात्र मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधल्या मराठी घरांत शेजाऱ्याने प्रेमाने दिलेले हरणाचे मांस पोहोचू शकते. ते रांधताना आपली पद्धत आड येते. दही, लिंबू, चिंच, आमसूल या आंबट पदार्थांत शिसे अधिक विरघळते, त्यामुळे रात्रभर मुरवत ठेवणे इथे नको. शिसगोळीने मारलेल्या हरणाचा खिमा गरोदर बाईला आणि सहा वर्षांखालच्या मुलांना देऊच नये. अखंड तुकडे, विशेषतः मागच्या मांडीचे, खिम्यापेक्षा बरे, कारण खिम्याच्या यंत्रात एका कणाचे अनेक होतात आणि आधीच्या शिकाऱ्याच्या हरणाचे अवशेषही पुढच्याच्या पाकिटात जातात. देणाऱ्याला गोळी तांब्याची होती का, एवढे विचारायला संकोच नको. बहुतेक शिकारी त्यावर अर्धा तास आनंदाने बोलतात. फूड बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हे विचारायला समोर कोणी नसते. मिनेसोटात दान आलेली पाकिटे क्ष-किरणांखालून जातात. बाकीच्या राज्यांनी निदान तेवढे यंत्र विकत घ्यायला हरकत नसावी.