निष्ठेची किंमत कोणी मोजावी?

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात संत गोन्सालो गार्सियाचा सण आला, की आपल्या व्यासपीठांवरून हौतात्म्याची थोरवी गायिली जाते. वसईच्या या सुपुत्राने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर प्राण अर्पण केले. त्याच्याही पूर्वी, १३२१ साली, आपल्या ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस व त्याचे तीन सोबती ख्रिस्ताची साक्ष देत मारले गेले. या रक्तसाक्षींपुढे आम्हीही नतमस्तक आहोत. परंतु या गौरवाच्या ओघात आपला एक गैरसमज दृढ होत चालला आहे. पाचारणाशी निष्ठा म्हणजे तलवारीखाली मान देणे, असे आपण मानू लागलो आहोत. जी निष्ठा तलवारीपुढे नव्हे, तर कचेरीच्या खिडकीपुढे कसाला लागते, तिच्याविषयी मात्र आपण मूग गिळून बसतो.

भिवंडी शहराला खेटून असलेल्या शेलार गावाचाच विचार करू. यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा यांच्या आधाराने या परिसरात दूरदूरची माणसे पोटासाठी येऊन राहिली आहेत. बारा बारा तासांची पाळी, भाड्याची खोली, एकट्या पुरुषांसाठी भिशीचे जेवण, आणि मंदी आली की बंद पडणारे माग, असे हे जिणे. या गर्दीत अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) किंवा मराठवाड्याकडून आलेली ख्रिस्ती घरेही अधूनमधून भेटतात. त्यांच्या पूर्वजांनी जातीच्या उतरंडीच्या तळातून येऊन ख्रिस्ताला जवळ केले. अशा घरातील पत्र्याच्या पेटीत पुष्कळदा दोन कागद सापडतात. एक स्नानसंस्काराचा दाखला आणि दुसरा जातीचा दाखला. पहिल्यावर मूल ख्रिस्ती असते, दुसऱ्यावर हिंदू. मुलगी बारावी होते, पुढच्या शिक्षणाचा खर्च समोर उभा राहतो आणि बापाला त्या दोन कागदांपैकी एकाची निवड करावी लागते.

ही निवड त्याच्यावर लादली कोणी? १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नाही. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा अपवाद झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. आपल्या राज्यात अशा ख्रिस्ती बांधवांना इतर मागासवर्गात स्थान आहे. पण अनुसूचित जातींसाठी असलेल्या राखीव जागा त्यांच्या वाट्याला येत नाहीत. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. बदलला तो केवळ सरकारी रकाना.

मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या सूसाई नामक आदि-द्रविड ख्रिस्ती चर्मकाराचा खटला या संदर्भात सर्वांनी अभ्यासावा. त्याच्यासारख्याच चर्मकारांना सरकारने विनामूल्य टपऱ्या दिल्या. ख्रिस्ती म्हणून त्याला नाकारली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात तितक्याच तीव्रतेची सामाजिक अवहेलना भोगावी लागते, हे पुरेशा पुराव्यानिशी दाखविले गेलेले नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. पुढे २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले, की ख्रिस्ती धर्म पाळावयाचा आणि केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवून घ्यावयाचे, ही संविधानाची फसवणूक होय. आता दोन कागदांच्या मधली ती अरुंद वाटही बंद झाली आहे.

या बांधवांवर दोन बाजूंनी दगड येतात. बाहेरचे म्हणतात, ‘हे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले.’ या आरोपाचे उत्तर देण्यास आम्हांला फार शब्द लागत नाहीत. धर्म ही भाकरीची सौदेबाजी असती, तर १९५० नंतर यांच्यापैकी एकही घर ख्रिस्तसभेत उरले नसते. कारण त्या वर्षापासून भाकरी दुसऱ्या पंगतीत वाढली जात आहे. तरीही सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोटणारा समुदाय पाहावा. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ यांवर पाणी सोडून ज्यांनी पिढ्यानुपिढ्या क्रूसाची खूण कपाळी जपली, त्यांना भाकरीचे ख्रिस्ती म्हणणे हा सत्याचा विपर्यास आहे.

दुसरा दगड आतून येतो आणि तो अधिक लागतो. ‘हे कागदावरचे हिंदू, यांची श्रद्धा कच्ची,’ असे आपल्यातील सुखवस्तू मंडळी सहज बोलून जातात. असे बोलणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तुम्हांला ख्रिस्ती राहण्यासाठी आजवर काय मोजावे लागले? ज्यांच्या वडिलोपार्जित जमिनीला भाव आला, ज्यांची मुले नामांकित ख्रिस्ती शाळांत सहज शिरली, ज्यांच्या निष्ठेला कधी रुपयाचीही तोशीस पडली नाही, त्यांनी उपाशी माणसाच्या निष्ठेचे गुणपत्रक लिहू नये.

याचा अर्थ खोटा दाखला योग्य ठरतो, असा कोणी काढू नये. ‘देव कागद पाहत नाही, काय हवे ते लिहा’ ही सोयीची शिकवणही आम्हांला मान्य नाही. ख्रिस्ताला चारचौघांत नाकारणे ही हलकी गोष्ट नव्हे. प्रश्न इतकाच, की ज्याच्याकडून आपण निष्ठेची मागणी करतो, त्याच्या त्यागात आपला वाटा कोणता?

ख्रिस्तसभेपुढे हा पेच नवा नाही. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढले, की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. त्या दाखल्यांपैकी काही इजिप्तच्या भूमीत आजच्या काळात सापडले आहेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी न देताच, लाच देऊन तो कागद मिळविला. छळ ओसरल्यावर वाद पेटला. नोवाशियनच्या कडव्या पक्षाला या पतितांना पुन्हा सभेत घेणेच नको होते. दुसऱ्यांना कोणतेही प्रायश्चित्त न देता घ्यावयाचे होते. कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन यांनी दोन्ही टोके नाकारली. २५१ च्या धर्मपरिषदेत प्रत्येकाची परिस्थिती पाहून निर्णय घेण्याचे ठरले, आणि केवळ दाखला घेणाऱ्यांना चौकशीअंती सभेची दारे उघडली. आज आपल्याकडे कोणी मूर्तीपुढे बळी मागत नाही, हा भेद आम्ही जाणतो. पण कागदापुढे भ्यालेल्या माणसाकडे कसे पाहावे, याचा धडा तोच आहे.

त्याच सिप्रियन यांचे एक पत्र आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या पाकशाळेत वाचले जावे, असे आम्हांला वाटते. पाकशाळेत अशासाठी, की ते भाकरीविषयी आहे. एका नटाने ख्रिस्ती झाल्यावर रंगभूमी सोडली, पण पोटासाठी तो इतरांना नाट्यकला शिकवीत राहिला. त्याला सभेत ठेवावे काय, असे युक्रेशियस नावाच्या महागुरूंनी विचारले. सिप्रियन यांनी तडजोड केली नाही. ही शिकवणी बंद झालीच पाहिजे, असे कळविले. मात्र त्याच पत्रात पुढे लिहिले, की तो गरीब असेल तर सभेने साधेपणाने त्याचे पोट चालवावे, आणि तुमच्या सभेची तेवढी ऐपत नसेल तर त्याला आमच्याकडे पाठवा, त्याच्या अन्नवस्त्राची व्यवस्था आम्ही करू. सत्याची मागणी आणि भाकरीची हमी एकाच पत्रात! आपण त्या पत्राचा पूर्वार्ध तेवढा पाठ केला आणि उत्तरार्ध फाडून टाकला.

आणखी एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. न्यायालयाने सूसाईच्या खटल्यात पुरावा मागितला, तेव्हा ख्रिस्ती समाजात जात आहे हे उघड सांगण्याची आपल्याला लाज वाटली. तामिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही जातीच्या भिंती राहिल्या. आपल्याकडे भिंत दिसत नाही, पण लग्न जुळविताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच विचारला जातोच. भारतीय महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध निषेध केला. ते धोरण किती धर्मग्रामांत वाचले गेले, हे वाचकांनी आपापल्या मनाला विचारावे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. १९५० च्या आदेशातील तो परिच्छेद जावा, अशी शिफारस न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली केली होती. त्यासाठीचा लढा चालू राहिला पाहिजे. पण कायदा बदलेपर्यंत गरिबाने एकट्याने क्रूस वाहावा आणि आपण कडेला उभे राहून त्याच्या पडण्याची मोजदाद करावी, हे ख्रिस्ती धर्मात बसत नाही. प्रभूनेही गुलगुथ्याच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाचा खांदा घेतला. आपल्या मिळकतीतून गोरगरिबांना साहाय्य करणे हे धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने (कलम २२२) कर्तव्य ठरविले आहे, ऐच्छिक पुण्य नव्हे.

सण-मिरवणुकांवरील खर्चाचा ठरावीक हिस्सा अशा मुलांच्या उच्च शिक्षणासाठी बाजूला निघावा. संविधानाच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा-महाविद्यालये चालविण्याचा हक्क दिला. त्या संस्थांतील पहिल्या जागा शेलारच्या खोलीतून येणाऱ्या मुलीच्या असाव्यात, देणगी देणाऱ्याच्या नव्हेत. १९१८ साली वसईच्या कॅथॉलिकांनी सहकाराने बँक उभी केली. म्हणजे मनात आले तर हा समाज पैसा उभारू शकतो. कर्जाला जामीन राहणारा माणूसही त्याला आपल्यातच मिळाला पाहिजे. त्या मुलीच्या बापाने जातीचा दाखला परत करून स्नानसंस्काराचा दाखला पुढे केला, तर तिची पुढील फी कोण भरणार, याचे उत्तर आधी आपल्या धर्मग्राम समितीच्या वहीत लिहिले जावे. ते लिहिले गेल्यावर मग खुशाल त्याला निष्ठेचे प्रवचन ऐकवावे.