गल्ल्यामागचे प्रमाणपत्र आणि कांदा चिरणारे हात

पावसाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, बाहेरचे खाणे बंद करू का?" नाशिककराला रविवारची मिसळ बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट दुसऱ्यांदा येणार नाही, हा भाग वेगळा; पण तसे सांगण्याची गरजही नाही. मिसळीचा रस्सा सकाळपासून शेगडीवर उकळत असतो. त्याला मी भीत नाही. मी भितो ते सोबत येणाऱ्या बशीला. चिरलेला कांदा, लिंबाची फोड, कोथिंबीर, दही आणि टेबलावर ठेवलेला पाण्याचा ग्लास, यांतले काहीच विस्तवावरून आलेले नसते. ते येते थेट कोणाच्या तरी हातून. तो 'कोणी तरी' म्हणजे आत मोरीपाशी बसून कांदा चिरणारा पोरगा. गर्दी वाढली की तोच कपबश्या विसळतो, तोच खांद्यावरच्या फडक्याने टेबल पुसतो आणि त्याच फडक्याला हातही पुसतो.

त्या पोराला कोणी कधी काही शिकवले आहे काय, हा आजचा विषय.

आपल्याकडे अन्नाचा कायदा म्हटले की भेसळच आठवते. १९५४ चा जुना कायदा नावानेच भेसळ प्रतिबंधक होता. दुधात पाणी, मसाल्यात रंग, तेलात तेल. अन्न चोख असूनही ते हाताळणाऱ्याच्या हातामुळे माणूस आजारी पडतो, याकडे कायद्याचे लक्ष गेले ते पुष्कळ उशिरा. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाला. त्याच्या परवाना व नोंदणीच्या नियमांना जोडलेली अनुसूची ४ हॉटेलमालकांनी एकदा तरी वाचावी अशी आहे. कामगाराची नखे कापलेली असावीत, केस झाकलेले असावेत, जखम झाकलेली असावी, जुलाब-कावीळ असलेल्याला अन्नाजवळ येऊ देऊ नये, वर्षातून एकदा त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, विषमज्वरासारख्या आतड्याच्या आजारांवरची लस त्याला दिलेली असावी, असे सगळे त्यात आहे. शिजवलेले गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ठेवायचे ते ५ अंशांच्या खाली ठेवावे, हेही आहे.

हे शिकवायचे कोणी? त्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये 'फॉस्टॅक' नावाची प्रशिक्षण योजना सुरू केली. प्राथमिक वर्ग अवघ्या चार तासांचा, प्रमाणपत्र दोन वर्षांचे. परवानाधारक व्यवसायात अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा. अभ्यासक्रम चांगला आहे. माझा आक्षेप आहे तो '२५ मागे एक' या हिशेबाला.

कारण तो एक कोण, हे आपल्याला माहीत आहे. माझ्या परिचयाच्या एका हॉटेलमालकांनी आपले प्रमाणपत्र मला मोठ्या कौतुकाने दाखवले. गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी, छान चौकटीत लावलेले. मी विचारले, "आचारी जाऊन आले का वर्गाला?" ते हसले. "डॉक्टरसाहेब, आचारी दिवाळीपर्यंत टिकला तरी मिळवली!" त्यांचे काही चुकीचे नव्हते. पेठ-सुरगाण्याकडची, उत्तर प्रदेश-बिहारकडची, नेपाळकडची पोरे येतात, दोन-चार महिने राहतात, जातात. मालक शिकतो आणि त्याने खाली शिकवावे ही कल्पना कागदावर ठीक आहे. सकाळी आठच्या गर्दीत मात्र मालक पैसे मोजत असतो आणि कांदा आत चिरला जात असतो. हातगाड्यांची तर बातच वेगळी. त्यांची असते ती साधी नोंदणी, आणि पर्यवेक्षकाची अपेक्षा परवानाधारकांकडून.

आता हातांबद्दल थोडे. आपल्यापैकी पुष्कळांच्या नाकात आणि कातडीवर स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू मुक्कामाला असतो. कांदा चिरणाऱ्याच्या बोटाला कापले, जखम पिकली, की तिथे तो बेसुमार वाढतो. तिथून तो दही-रबडीत किंवा शिजवून ठेवलेल्या बटाट्यात गेला आणि ते अन्न चार-पाच तास उकाड्यात राहिले, की त्यात विष तयार होते. हे विष पुन्हा उकळूनही जात नाही! 'गरम करून खाल्ले होते हो' असे सांगत उलट्या करणारा पेशंट खोटे बोलत नसतो.

विषमज्वराचे आणखी विचित्र. बरे झालेल्या शंभरांतल्या दोन ते पाच जणांच्या पोटात, बहुधा पित्ताशयात, जंतू वर्षानुवर्षे राहतात. माणूस ठणठणीत असतो, पण शौचावाटे जंतू बाहेर पडत असतात. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशी होती. १९०७ मध्ये तिला पकडून वेगळे ठेवले, १९१० मध्ये 'पुन्हा स्वयंपाक करणार नाही' या अटीवर सोडले. १९१५ मध्ये ती एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या नावाने सापडली. मग १९३८ मध्ये मरेपर्यंत तिची सुटका झाली नाही. लोक तिला दुष्ट ठरवून मोकळे झाले. पण तिला स्वयंपाकाऐवजी धुण्याचे काम मिळाले होते आणि त्यात पगार कमी होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

मला वाटते, खरी गाठ इथेच आहे. आपल्याकडे जुलाब होत असलेला वेटर कामावर येतो तो अज्ञानामुळे नव्हे. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याला चार तास काय, चाळीस तास शिकवा. दुसऱ्या दिवशी तो पोटात गोळी ढकलून येणारच. मालकांनी अशा वेळी दोन-तीन दिवसांची भरपगारी रजा दिली, तर भिंतीवरच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. (हातमोज्यांचे तर बोलूच नये. २०२० च्या कोरोनानंतर ते दिसू लागले, पण त्याच मोज्याने नोटा, मोबाइल आणि पाणीपुरी. मोजा घातलेला हात आपण धुतही नाही.)

केवळ हॉटेलांनाच बोलणेही बरोबर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली. खाटा पुरेनात, तेव्हा दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उघड्यावर उपचार करावे लागले. वाढणाऱ्यांची श्रद्धा कमी पडली असे कोण म्हणेल? पण शेकडो माणसांचे अन्न एकदम रांधायचे, पंगती उठेपर्यंत ते गरम ठेवायचे, हे घरच्या स्वयंपाकाचे काम नव्हे. ते शिकावे लागते. २००६ च्या कायद्यातील अन्नव्यवसायाची व्याख्या नफा असो वा नसो, अशीच आहे. धार्मिक समारंभातील अन्नवाटपही नोंदणीच्या कक्षेत येते. हे किती सप्ताह समित्यांना ठाऊक असेल?

आपल्यापुढे तर सिंहस्थ आहे. मुख्य स्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला, त्र्यंबकेश्वरी शेवटचे १२ सप्टेंबरला. म्हणजे ऐन पावसाळा, गॅस्ट्रोचे दिवस. रामकुंडापासून तपोवनापर्यंत आखाड्यांची अन्नछत्रे, भंडारे, आणि दुसऱ्या गावांहून आलेले हजारो हंगामी विक्रेते. घाट, रस्ते, पूल यांची चर्चा रोज वाचतो. वाढप्याच्या हाताची चर्चा मी कुठे वाचली नाही.

सिंगापुरात अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण घ्यावे लागते, २५ मागे एकाला नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात २०२४ पासून त्याचा खर्चही मालकाने करायचा, शिवाय तो वेळ कामाचाच धरायचा. आपण निदान पंचवटी आणि त्र्यंबकपुरते हे करू शकतो. वर्ग सभागृहात आणि सकाळी नको. दुपारी तीन ते पाच हॉटेल रिकामे असते. तेव्हा तिथेच, मोरीपाशी उभे राहून, त्या पोराला कळेल त्या भाषेत शिकवावे. लिहिता-वाचता येत नसेल तर करून दाखवावे आणि करवून घ्यावे. अन्न व औषध प्रशासनाकडे माणसे थोडी आहेत, हे मान्य. मग नर्सिंगच्या आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरावे.

हॉटेलवाल्यांची तक्रार मी ऐकली आहे: आणखी एक कागद, आणखी एक साहेब. ती अगदीच खोटी नाही. ज्या हातगाडीवाल्याला नळ नाही त्याला हात धुण्याचा धडा देणे ही थट्टाच आहे. विक्रेत्यांच्या जागा ठरवताना महापालिकेने आधी तिथे पाणी आणावे, मग प्रमाणपत्र मागावे.

वाचकांनी बिलावर पाहावे. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे आहे. पण तो क्रमांक म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ओळखीचे हॉटेल असेल तर एकदा आत डोकावण्याची परवानगी मागा. बाहेर गिऱ्हाइकांच्या बेसिनवर साबण असतो. आत, कांदा चिरतात तिथे, आहे का ते पाहा, आणि नसेल तर मालकांना तिथल्या तिथे सांगा. बाकी, हा लेख वाचून झाल्यावर या कागदात भजी बांधून घेऊ नका. छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला बंदी आहे, आमच्याही.